सोडलेला मासा पुन्हा गळास लागतो काय?



वैतरणेकांठीं गळ टाकून बसणाऱ्या मोखाड्याच्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो: सोडून दिलेला मासा पुन्हा गळास लागेल काय?

ब्यूकेमा ह्या डच शास्त्रज्ञानें १९७० च्या सुमारास हें तळ्यांत पडताळून पाहिलें. आपल्याकडे सायप्रिनस म्हणून विकला जाणारा कार्प एकदां पकडून सोडल्यावर वर्षभर गळास क्वचितच लागला. पाइक नांवाचा शिकारी मासा धातूची फिरती चकती टाळावयास शिकला; जिवंत आमिषास मात्र पुन्हा भुलला. अमेरिकेंतील इलिनॉय येथें बास माशांच्या पिढ्या वाढवून २००९ सालीं दाखविण्यांत आलें कीं, गळास लागण्याची ओढ कांहीं अंशीं आईबापांकडूनच येते. म्हणजे मासा शिकतो खरा. परंतु किती शिकतो, हें त्याची जात, स्वभाव व आमिष ह्यांवर ठरतें.

ह्याचा उपयोग पहिल्या पावसांत. तेव्हां अंड्यांनीं भरलेली मासळी ओढ्यांतून वर चढते व सहज हातीं लागते. सोडली तर शहाणी होऊन कायमची निसटेल, अशी भीति वाटते. निसटली तरी बिघडत नाहीं. तिच्या पिलांनीं गळ पाहिलेला नसतो. हात ओले करून, गळ हलकेच काढून तिला पाण्यांत सोडावी. पुढें आपल्या मुलांच्या गळास लागेल ती तिचीच प्रजा.