लांडग्याची किंमत कोणी मोजायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अमेरिकेच्या पश्चिम भागात लांडगा, पशुपालक आणि रानातील एल्क हरणे यांच्या संबंधात शतकाहून अधिक काळ संघर्ष चालू आहे. निसर्गप्रेमी विरुद्ध ग्रामीण जनता, असे त्याचे चित्र रंगविले जाते. वस्तुतः जमीन कोणाची आणि सार्वजनिक निर्णयाचा भार कोणाच्या खांद्यावर, हा जुनाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

एकोणिसाव्या शतकात कातड्याच्या व्यापारापायी तेथील बायसनांचे प्रचंड कळप नष्ट झाले. मूळ रहिवाशांच्या हातून भूमी गेली आणि त्या कुरणांवर ब्रिटिश व अमेरिकन भांडवलाच्या कंपन्यांची गुरे आली. नैसर्गिक भक्ष्य हिरावले गेलेला लांडगा गुरांकडे वळला आणि गुन्हेगार ठरला. १९१५ पासून केंद्र सरकारने त्याच्या संहाराचे काम सरकारी खर्चाने हाती घेतले. १९२६ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील अखेरचे लांडगे मारले गेले. धंद्याचा नफा खाजगी राहिला. त्यातील धोका निवारण्याचा खर्च मात्र जनतेचा झाला.

पुढे १९७३ च्या कायद्याने नष्टप्राय प्राण्यांना संरक्षण मिळाले आणि १९९५ व १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणण्यात आले. उत्तर यलोस्टोनच्या कळपातील एल्कांची गणती १९९४ साली सुमारे १९,००० होती. २०१३ साली ती ४,००० च्या खाली आली. शिकाऱ्यांनी सारा दोष लांडग्याच्या माथी मारला. परंतु त्याच काळात अस्वलेही वाढली, दुष्काळ पडला, १९९६-९७ चा हिवाळा कडक गेला आणि उद्यानाबाहेर माणसांच्या बंदुकाही चालूच होत्या. लांडग्याचा वाटा नाकारता येत नाही. पण तो एकट्याचा नव्हे. मोंटाना आणि वायोमिंग या राज्यांतील एल्कांची एकूण संख्या काही कोसळली नाही.

गुरांच्या बाबतीतही सरासरी फसवी असते. रोग, हवामान आणि प्रसूतीतील अडचणी यांनी मरणाऱ्या गुरांच्या मानाने लांडग्याचे बळी थोडे असतात. पण हे नुकसान सर्वांवर सारखे वाटले जात नाही. ते मोजक्या कुटुंबांवर कोसळते. २०२० साली कोलोरॅडोत लांडगे परत आणण्याचा निर्णय सार्वमताने, अगदी निसटत्या बहुमताने झाला. कौल मुख्यतः शहरांनी दिला. डिसेंबर २०२३ मध्ये लांडगे सोडले गेले ते पशुपालकांच्या पश्चिम उतारावर. बहुमताने घेतलेल्या निर्णयाची किंमत अल्पसंख्येने मोजावी, ही लोकशाही नव्हे. म्हणूनच दर जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई देणारा त्या राज्याचा २०२३ चा कायदा योग्य दिशेचा आहे. भरपाई हा हक्क आहे, दया नव्हे.

मात्र पशुपालक हा केवळ पीडित नाही. त्यांच्यापैकी अनेकांची गुरे सरकारी जमिनीवर चरतात. २०१९ ते २०२५ या काळात गाय आणि वासराच्या महिनाभराच्या चराईचे केंद्रीय शुल्क अवघे १.३५ डॉलर होते. जनतेच्या गवतावर पोसलेल्या कळपांची नीट राखण करा, असे सांगण्याचा अधिकार जनतेला निश्चितच आहे.

आणि ही राखण करतो कोण? रात्री डोंगरात मेंढ्यांजवळ राहणारा मजूर बहुधा पेरू देशातून तात्पुरत्या परवान्यावर आलेला असतो. २०१५ मध्ये नियम बदलेपर्यंत अनेक राज्यांत त्याचे वेतन महिना ७५० डॉलरच्या आसपास होते. लांडग्यावरील वादात त्याचे मत कोणी विचारीत नाही. आयडाहोतील वुड रिव्हर खोऱ्यात २००८ पासून राखणदार कुत्रे, दिवे, फडफडणाऱ्या पताका आणि मेंढपाळांची जागती उपस्थिती यांचा प्रयोग झाला. सात वर्षांच्या पाहणीत तेथील मेंढ्यांची हानी शेजारच्या असंरक्षित क्षेत्रापेक्षा साडेतीन पट कमी आढळली. मानवी श्रम हाच या संघर्षावरील खरा उपाय आहे. पण श्रमाचा मोबदला देण्यापेक्षा बंदूक स्वस्त वाटते. त्याच आयडाहोने २०२१ च्या कायद्याने खाजगी कंत्राटदारांकरवी सरकारी पैशाने लांडगे मारण्याची वाट मोकळी केली. म्हणजे पुन्हा १९१५!

लांडगा जगावा ही समाजाची इच्छा असेल, तर त्याचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे. हानी सोसणाऱ्याला भरपाई, राखण करणाऱ्याला न्याय्य वेतन आणि सार्वजनिक भूमीवर जनतेचे नियंत्रण, या तीन गोष्टींवाचून निसर्गरक्षण ही सुखवस्तूंची हौस ठरेल आणि तिचा भुर्दंड नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कोणाला तरी भरावा लागेल.