खोलणं सोपं, जोडणं अवघड



आजचा दृष्टांत जरा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, महाराजांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात पिस्तुलाची गोष्ट! पण काय करू? कीर्तनाला उभा राहण्याआधी मी बावीस वर्षं फौजेत होतो. जे हातानं केलं, तेच तोंडात येणार.

आमच्याकडं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल होतं. बंगालात इशापूरच्या कारखान्यात तयार होणारं. त्याचा मूळ आराखडा ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराचा. १९२६ साली तो गेला, काम अर्धं राहिलं. बेल्जियममधल्या त्याच्या सहकाऱ्यानं ते पुरं केलं आणि १९३५ साली पिस्तूल बाहेर आलं. मांडलं एकानं, जोडून दिलं दुसऱ्यानं.

आता पहा, हे पुसायला खोलायचं कसं? आधी मॅगझीन काढायचं. मग वरची स्लाईड मागं ओढून नळीत डोकवायचं, बोटानं चाचपायचं. हा क्रम चुकवायचा नाही. मॅगझीन आत असताना स्लाईड ओढून सोडली, तर दुसरी गोळी नळीत चढते. मग तुम्ही मॅगझीन काढता आणि म्हणता, झालं रिकामं! अहो, कुठलं रिकामं? मॅगझीन हातात आहे, पण एक गोळी आत बसली आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं याच्याशी काम आहे.

खोलायला दोन मिनिटं पुरतात. आडवी खीळ बाहेर ढकलली की स्लाईड पुढं सरकून सुटते, स्प्रिंग निघते, नळी निघते. फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. तेल जास्त झालं तर धूळ धरते. इथवर कुणालाही जमतं.

खरी परीक्षा पुढंच. नळी स्लाईडमध्ये, तिच्याखाली स्प्रिंग आणि स्प्रिंगची दांडी. मग स्लाईड सांगाड्यावर चढवायची, मागं ओढून अडकवून धरायची आणि ती आडवी खीळ डाव्या बाजूनं आत घालायची. पहिल्या दिवशी माझी खीळ काही जाईना. मी अंगठा दाबला, तळहात दाबला, शेवटी हातोडी उचलली. उस्तादांनी मनगट धरलं. म्हणाले, "जोर मत लगा. पीछे जा, देख क्या टेढ़ा है." मी स्लाईड परत उतरवली. स्प्रिंगची दांडी तिरकी बसली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. सरळ केली, आणि खीळ नुसत्या बोटानं आत गेली.

माउली, पेन्शन घेऊन गावी आलो आणि धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलं. हातभर बांध! घर खोलायला किती वेळ लागला? एक दुपार. चूल वेगळी, दार वेगळं, बोलणं बंद. चार वर्षं आम्ही एका आडाचं पाणी प्यायलो आणि एकमेकांकडं पाहिलं नाही.

मग आई आजारी पडली. मी ठरवलं, आता जोडायचं. बांधाचा विषय काढायचा नाही, असं मनाशी पक्कं करून त्याच्या दारात गेलो. मॅगझीन काढून गेलो होतो, बरं का! तो म्हणाला, "आलास का आता?" एवढंच. आणि माझ्या तोंडून असं काही सुटलं, की वहिनी रडत आत गेली. नळीत एक गोळी राहिली होती, माउली. मी चाचपलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा मी पंच घेऊन गेलो, पाहुणे घेऊन गेलो. ती हातोडी होती. खीळ गेली नाही.

तिसऱ्यांदा आधी मीच मागं गेलो. देवघरात बसलो, नाम घेतलं आणि स्वतःला विचारलं, माझ्यात तिरकं काय बसलंय? सापडलं. मी नोकरीवर असताना बारा वर्षं आईचं दुखणंखुपणं त्यानं काढलं होतं. मी मनिऑर्डर पाठवून मोकळा. हे मी कधी तोंडानं म्हटलंच नव्हतं. जाऊन तेवढंच म्हटलं. तो काही बोलला नाही. आत गेला आणि चहा घेऊन आला.

बांधाचा निकाल अजून लागायचाय. पण यंदाच्या वारीत दिंडीत आम्ही एकाच ओळीत टाळ धरून चाललो.

त्या पिस्तुलाची आणखी एक खूण सांगतो. सगळं जोडलं, तरी मॅगझीन बसवल्याशिवाय चाप ओढून घोडा पडत नाही. म्हणून जोडून झाल्यावर रिकामं मॅगझीन घालून तपासायचं असतं. तसं तुमच्या घरात सगळे आहेत, भिंती आहेत, पण एक माणूस बाहेर राहिलं असेल, तर ते घर अजून जोडायचं बाकी आहे.

तुम्ही घरी जाल तेव्हा कुणाच्या दारात जायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. जा. पण जाण्याआधी नळी चाचपा. आणि खीळ जाईना, तर हातोडी उचलू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!