दाढीला एक दिवस खाडा

श्रोतेहो, मुक्ताईनगरला माझ्या दवाखान्यात तरुण मुलं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं. "डॉक्टर, गळ्याखाली पुरळ उठलंय, दाढी केली की आग होते." मी विचारतो, "दाढी किती दिवसांनी करता?" उत्तर येतं, "रोज. लग्नकार्य असलं तर दोनदा." खरं दुखणं त्या उत्तरातच असतं. मला दिलेली मिनिटं मी आज त्यावरच खर्चणार आहे. दाढी कशी करावी हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती कधी करू नये, एवढंच मला सांगायचंय.

आपण काळ्या जमिनीतली माणसं. चांगदेव-मेहूणकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, वखर केव्हा घालायचा. तो सांगेल, वाफसा आल्यावर. ठणठणीत कोरड्या रानात वखर घातला तर पातं उड्या मारतं नि ढेकळं निघतात. गालाचंही तसंच. कोरड्या गालावर घाईघाईनं फेस फासला आणि पातं ओढलं, तर ते अडखळणारच. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरू द्या, केस मऊ पडतो. हा झाला गालाचा वाफसा. आता पाळीचं बघा. वखराची पाळी तण काढते, तशी वरची मातीही हलवते. ब्लेडही केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्रा थोडा खरवडून नेतं. हा पापुद्रा अंगातली ओल आत धरतो आणि जंतूंना बाहेर ठेवतो. तो पुन्हा नीट बसायला एक-दोन दिवस लागतात. त्याआधीच तुम्ही दुसरी पाळी घालता, तीही उभीवर आडवी, म्हणजे उलटा हात मारून! असं रान कुणी वर्षभर खरवडत ठेवील का?

उलट्या हाताचं जरा नीट ऐका. कातडी ताणून उलटं ब्लेड फिरवलं की केसाचं टोक कातडीच्याही खाली कापलं जातं. केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेर न येता आतच वळतो, आणि तिथे लाल फोड येतो. दुसऱ्या दिवशी ब्लेड त्या फोडाचंच डोकं उडवतं. मग पू, मग काळा डाग. अशा माणसानं तीन-चार आठवडे ब्लेडला हातच लावू नये. काहींना बँकेत, शाळेत, कंपनीत रोज नीटनेटकं जावं लागतं, हे मला मान्य आहे. त्यांनी मशीन लावून केस बारीक ठेवावेत. दाढी दिवसाला एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वाढते. म्हणजे दोन दिवसांत पुरता एक मिलिमीटरही नाही. तेवढ्यानं कुणी गबाळा दिसत नाही, भाऊ.

रोजच्या दाढीची ही चाल काही फार जुनी नाही. आजोबांच्या पिढीत गावोगावी न्हावीदादा आठवड्याला यायचे, बलुत्यावर हजामत व्हायची. अमेरिकेत जिलेट यांच्या सेफ्टी रेझरला १९०४ साली पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात तिथल्या सैनिकांना तो वाटला गेला, आणि पुढे घरोघरी रोज सकाळी दाढी सुरू झाली. आपल्याकडे मात्र कितीतरी घरांत शनिवारी दाढी नको, एकादशीला नको, श्रावणात तर महिनाभर नको. सोमवारी सलूनच बंद. पाळणाऱ्यांनी हे श्रद्धेनं पाळलं, पण गालाला विसावा आपोआप मिळत गेला. श्रावण संपल्यावर गळ्याचे फोड बसलेले मी पाहतो, औषधाशिवाय.

म्हणून ठासून सांगतो, कारण हेच कानाआड होतं: एक दिवसाआड दाढी. आग होत असेल तर दोन दिवसांआड. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना, तर नक्कीच. केळीच्या बागेत घामानं निथळत काम करायचं, खांद्यावरच्या खरखरीत गमछ्यानं तोच गाल घासून पुसायचा, आणि सकाळी वर पुन्हा ब्लेड! कातडीनं सोसायचं तरी किती?

दुसरं, मेडिकलमधून मनानं ट्यूब आणू नका. खाज-गजकर्णावरच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस गाल गोरागोमटा दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मलम सोडलं की जास्तच भडकते. चेहऱ्याला ते बिलकूल लावायचं नाही. कापलं तर तुरटी फिरवा, तिनं रक्त थांबतं, पण तुरटीनं ब्लेड निर्जंतुक होत नाही. सलूनमध्ये नवं ब्लेड तुमच्यासमोर लावून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी दुसऱ्याला वापरलेल्या ब्लेडवरून येऊ शकतात. कारागीर आपलेच आहेत, सांगितलं तर राग मानत नाहीत. चामखिळीवरून ब्लेड फिरलं की चामखिळी रांगेनं कशा पसरतात, हेही सांगायचं होतं, पण समोरून खूण झाली, वेळ संपत आलाय. एवढंच ध्यानात ठेवा, की तिथे ब्लेड लावायचं नाही.

उद्या सकाळी आरशासमोर उभे राहाल तेव्हा आधी गालावरून नि गळ्यावरून बोटं फिरवून बघा. चुरचुरत असेल तर ब्लेड खाली ठेवा आणि दाढी परवा करा.