आधी स्वाध्याय, मग कार्यशाळा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा सारांश)



जैन परंपरेने स्वाध्यायाची गणना अंतरंग तपात केली आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे पाच भेद सांगितले आहेत. ग्रहण, प्रश्न, चिंतन, आवृत्ती आणि इतरांस सांगणे, असा हा क्रम आहे. त्याचे ध्येय आत्मशुद्धी. तथापि केवळ श्रवणाने अध्ययन पुरे होत नाही, हा त्यातील बोध व्यवसायशिक्षणासही लागू पडतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी 2007 च्या सुमारास, वर्ग बुडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पाठ चित्रित करण्यास प्रारंभ केला. पुढे सर्वच विद्यार्थी पाठ घरी पाहू लागले आणि वर्गाचा वेळ प्रयोग व शंकासमाधानासाठी मोकळा झाला. ही पद्धत ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणून प्रसिद्ध झाली. नाशिककरांस यातील मूळ विचार अपरिचित नाही. येथे 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळापासून, घरी स्वयंअध्ययनाचे पुस्तक आणि अभ्यासकेंद्रावर संमंत्रण ही रीत रुजवली.

व्यवसायशिक्षणात या रीतीचे मोल अधिक आहे. मायक्रोमीटरचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या स्क्रूचा आटा 0.5 मिलिमीटरचा व फिरत्या नळीवर 50 भाग. म्हणून लघुतम माप 0.01 मिलिमीटर. हे गणित घरी दहा मिनिटांच्या चित्रफितीतून समजते आणि पुनःपुन्हा पाहता येते. परंतु नळी किती घट्ट आवळावी हे बोटांनाच शिकावे लागते. त्या वेळी निदेशक शेजारी हवा. तो फळ्यावर आकृती काढण्यात गुंतला, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाचा हात कच्चाच राहतो.

येथेच सावधानतेची गरज आहे. 2020 च्या टाळेबंदीत कार्यशाळा बंद पडल्या, पाठ मात्र पडद्यावर चालू राहिले. तो उलटवलेला वर्ग नव्हता. अर्धाच वर्ग होता. चित्रफीत कार्यशाळेची जागा घेऊ शकत नाही. ती कार्यशाळेचा वेळ वाचवते. शिवाय घरात एकच मोबाईल असून तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलीने पाठ पाहावा कसा? तिची पूर्वतयारी झाली नाही, यात तिचा दोष कोणता?

हे काम धर्मादाय संस्थांनी हाती घ्यावे. संध्याकाळी उघडी राहणारी अभ्यासिका, तेथे दोन-चार संगणक, आधीच उतरवून ठेवलेले मराठी पाठ आणि प्रत्येक पाठासोबत छापील प्रश्नपत्रक, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. विद्यार्थ्याने आपला एक प्रश्न लिहून आणावा आणि निदेशकाने दुसऱ्या दिवशीच्या कामाचा आरंभ त्या प्रश्नांपासून करावा. पृच्छनेला असे स्थान मिळाले, म्हणजे यंत्रासमोर उभा राहणारा हात जाणता होईल.

चार दानांत शास्त्रदानाची गणना आहे. ज्या ज्ञानाने एखाद्या घराची चूल स्वाभिमानाने पेटते, ते पोहोचविणे हेही त्याच वृत्तीचे कार्य होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात या संकल्पाचा विचार व्हावा, ही विनंती.

जय जिनेंद्र!