बाहेरचा काटा
(वसंत व्याख्यानमालेत साताऱ्यात दिलेले व्याख्यान, संक्षिप्त)



उसाची ट्रॉली कारखान्याच्या गेटवर नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर तोलून घ्यावी, हे कराड-वाळव्याच्या शेतकऱ्याला मी काय सांगणार! कारखान्याचा काटा इलेक्ट्रॉनिक, बाहेरचाही इलेक्ट्रॉनिकच. तरी मन निश्चिंत होते, कारण दुसऱ्या काट्यावर कारखान्याचा हात नसतो. निवडणुकीचा निकाल यंत्राने तपासावा का, असे मला विचारतात. जरूर तपासावा. मात्र काटा दुसऱ्याचा हवा, आणि पुन्हा तोलायला माल शिल्लक हवा.

हा माल म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती आणायला सांगितली. बटण दाबले की सात सेकंद काचेआड चिन्ह दिसते आणि चिठ्ठी पेटीत पडते. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही, तर नियमानुसार चिठ्ठी खरी धरायची. इथवर उत्तम. पण पेटी उघडते किती ठिकाणी? न्यायालयाच्या २०१९च्या निकालापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांवर. म्हणजे लोकसभेला साताऱ्यात सहा विधानसभा, तीस केंद्रे. सांगलीतही सहा, तीसच.

आता गणित बघा. २०२४ला सांगलीत विशाल पाटील १,००,०५३ मतांनी निवडून आले. साताऱ्यात उदयनराजेंचे मताधिक्य ३२,७७१. आणि मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर जिंकले ४८ मतांनी. तिन्हीकडे नमुना तोच, विधानसभेमागे पाच! लाखाच्या फरकाला थोडक्या पेट्यांत खात्री पटेल. ४८ मतांच्या फरकाला सगळ्या पेट्या उघडल्याशिवाय खात्री कशी देणार? अमेरिकेत कोलोरॅडो राज्य २०१७पासून मताधिक्य पाहून नमुना ठरवते. फरक जितका कमी, तितके कागद जास्त. आपल्याकडे आकडा आधीच ठरवून टाकला आहे.

सगळ्या चिठ्ठ्या मोजा म्हटले की वेळेचे कारण पुढे येते, आणि ते अगदीच पोकळ नाही. थर्मल कागदाची ती बारीकशी चिठ्ठी हाताने मोजणे किचकटच. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४च्या निकालाचा एक कोपरा मला महत्त्वाचा वाटतो. न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का, चिन्हासोबत पक्षाचा बारकोड छापता येईल का, हे निवडणूक आयोगाने तपासावे, असेही सुचवले. बातम्यांत या ओळी हरवल्या.

यंत्राला माझा होकार आहे, बारकोडला नाही. मतदाराने काचेआड पाहिले ते चिन्ह. बारकोड त्याला वाचता येत नाही. मग यंत्र मोजणार ते मतदाराने न तपासलेले काहीतरी! यंत्राने चिन्हच वाचावे, आणि मूठभर चिठ्ठ्या माणसांनी हाताने मोजून त्या यंत्रालाही तपासावे.

हे स्वप्नरंजन नव्हे. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट काउंटीत २००८ साली स्थानिक निवडणूक अधिकारी आणि स्वयंसेवकांनी बाजारात मिळणाऱ्या स्कॅनरवर सगळ्या मतपत्रिका स्कॅन केल्या आणि वेगळ्या सॉफ्टवेअरने मोजल्या. अधिकृत मोजणीतून १९७ मतपत्रिका गळाल्या होत्या. कुणी कट केला नव्हता. मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. बाहेरच्या काट्याने तो पकडला.

आपल्याकडे न्यायालयाच्या त्याच २०२४च्या निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागता येऊ लागली. तेव्हा एका संचाला ४७,२०० रुपये मोजावे लागत. अहमदनगरच्या सुजय विखे पाटलांनी चाळीस केंद्रांसाठी अर्ज केला होता. पण आयोगाच्या पहिल्या कार्यपद्धतीत त्याच यंत्रावर नव्याने मॉक पोल घ्यायचा होता. आज यंत्र बरोबर मोजते, यावरून मतदानाच्या दिवशी त्याने काय मोजले ते कसे कळणार? फेब्रुवारी २०२५मध्ये यंत्रातला डेटा पुसू नका, असे न्यायालयाला सांगावे लागले.

मारकडवाडी आठवते? माळशिरस तालुक्यातल्या या गावाने विधानसभा निवडणुकीनंतर ३ डिसेंबर २०२४ला मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचे ठरवले. जमावबंदी लागली, बेत सोडावा लागला. गावाच्या पसंतीचे उत्तमराव जानकर आमदार झाले होतेच. तक्रार त्यांना गावात मिळालेल्या मतांची होती. खरे सांगायचे तर फेरमतदानाने काहीच सिद्ध झाले नसते, कारण दुसऱ्या दिवशीचे मत हे पहिल्या दिवशीच्या मताचा पुरावा होत नाही. पुरावा सीलबंद चिठ्ठ्यांत होता. एका गावापुरती पेटी माफक खर्चात, सर्वांसमोर, यंत्राने मोजून मिळण्याची सोय असती, तर फेरमतदानाची गरजच भासली नसती.

साताऱ्यातच बसलो आहोत, म्हणून लोकसभेतल्या पिपाणी या चिन्हाचेही बोलून टाकू. तिला ३७,०६२ मते पडली, म्हणजे मताधिक्याहून जास्त. पराभूत उमेदवाराचे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह शोधताना किती जणांचे बोट चुकले, यावर अजून कट्ट्यावर वाद होतात. या वादात कुठलाही स्कॅनर कामाचा नाही. चिठ्ठीवर पिपाणी असेल तर ते पिपाणीचेच मत. तो प्रश्न चिन्हवाटपाच्या टेबलावर सोडवायचा.

राहिल्या आपल्या नगरपालिका आणि महापालिका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या हाती. बहुसदस्यीय प्रभागांसाठी व्हीव्हीपॅटची तांत्रिक सोय नाही, म्हणून ती वापरणार नाही, असे आयोगाने २०२५ साली सांगितले. तेव्हा उद्या सांगलीच्या एखाद्या प्रभागात चार मतांनी कुणी हरला आणि फेरमोजणीचा अर्ज घेऊन आला, तर अधिकारी तेच बटण पुन्हा दाबून तोच आकडा दाखवतील. उघडायला पेटी नाही.