सुरी लावण्याआधी एक मिनिट

आपल्या माणसाला ऑपरेशन थिएटरात नेतात, दार लागतं आणि आपण बाहेर बाकावर बसून घड्याळ बघत राहतो. त्या दाराआड एक मिनिट बोलण्यासाठी राखून ठेवायला हवं. आजचं व्याख्यान त्या मिनिटाबद्दल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासणी यादी काढली. या कामाचं नेतृत्व अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचं घराणं आपल्या विदर्भातल्या उटी गावचं. दिल्ली, मनिला, लंडन, टांझानियातलं इफाकारा अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत यादीची परीक्षा झाली. आधी हजारात १५ रुग्ण दगावत होते, नंतर ८. गंभीर गुंतागुंत हजारात ११० जणांना होत होती, ती ७० वर आली. हे कुठल्या नव्या औषधाने घडलेलं नाही.

यादीत तीन थांबे आहेत. भूल देण्यापूर्वी रुग्णाचं नाव, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी, रक्ताची तयारी तपासायची. चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. मागच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का, हे विचारायचं. फार आधी दिलं तर त्याचा जोर ओसरतो. उशिरा दिलं तर जंतू आधीच आत शिरलेले असतात. रुग्णाला थिएटरातून बाहेर नेण्यापूर्वी रक्त टिपायचे मॉप, सुया, हत्यारं मोजायची. लागणारं उपकरण हाताशी आहे का, हेही चीर देण्याआधीच विचारलं जातं. त्यामुळे रुग्ण भुलेत असताना धावपळ होत नाही, वेळही वाचतो.

एकमेकांना ओळखणाऱ्यांनी नावं कशाला सांगायची, असं वाटेल. पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज बोलतो. नवी सिस्टर मोठ्या सर्जनला “सर, थांबा, एक मॉप कमी आहे” असं म्हणू शकली, तरच त्या यादीला अर्थ.

कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांनी यादी स्वीकारली. पण २०१४ साली तिथल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला : मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. यादी वापरली, असं जवळजवळ सर्वांनीच नोंदवलं होतं. यावरून मी एवढंच शिकतो, की रकान्यातली खूण रुग्णाला वाचवत नाही. ज्येष्ठाने हात थांबवून कनिष्ठाचं ऐकणं, हे खरं काम आहे आणि ते आपल्या मानापमानाच्या वातावरणात अवघड आहे. म्हणून त्याची सुरुवात ज्येष्ठांनीच करायला हवी.

तुम्हालाही एक विनंती. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुमचं नाव, कोणती बाजू, कोणती ॲलर्जी हे पुन्हापुन्हा विचारलं, तर वैतागू नका. दर वेळी पूर्ण उत्तर द्या. आणि कोणीच विचारलं नाही, तर भूल घेण्यापूर्वी तुम्ही स्वतः सांगा.