मनावरील आघात आणि उपचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग उभा केला, तेथे या विषयावर बोलावयाचे म्हणजे संकोच वाटतो. याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये राहत्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले. मन जाणणाऱ्यालाच माणसाचा आवाज दूरवर पोहोचवावासा वाटला, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरे झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भागातील एक काकू पुढे मुलाकडे म्हैसुरास आल्या. घर पक्के, सून प्रेमळ. पण काकू रात्री व्हरांड्यात अंथरूण टाकीत. गणपती विसर्जनाच्या रात्री तर बसून काढीत. घरचे म्हणत, "झालं गेलं विसरा." मानसशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेला मीही त्यांना प्रथम तेच म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. डॉक्टरांपुढे त्यांची मोडकी हिंदी "नींद नहीं आती" एवढ्यावरच संपे. गोळ्या मिळत.

या अवस्थेस 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणतात; १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान दिले. आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र माणसाला खोदून खोदून विचारू नये. निवारा, अन्न, आपली माणसे आणि खरी माहिती, एवढ्यावर पुष्कळजण सावरतात. पहिल्या महिन्यात केवळ ताण शमविण्यासाठी झोपेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सांगितले.

महिने लोटूनही भय हटत नसेल, तर उपचार हवा. टाळल्याने भीती पोसली जाते. काकूंचा व्हरांडा म्हणजे हेच टाळणे. म्हणून प्रशिक्षित समुपदेशक ती घटना सुरक्षित जागी, क्रमाने, पुनःपुन्हा सांगावयास लावतो आणि टाळलेल्या गोष्टीजवळ पायरीपायरीने नेतो. आठवण पुसली जात नाही. ती आत्ता घडत नाही, हे हळूहळू उमगते. डोळ्यांच्या हालचालींच्या साह्याने आठवणींवर काम करण्याची एक पद्धतही आहे.

पण सांगावयाचे कोणत्या भाषेत? आपणां परप्रांतस्थांची अडचण येथेच आहे. बाजारहाट कानडीत निभतो. ढिगाऱ्याखालून आलेली हाक मात्र परभाषेत सांगता येत नाही. आता १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' या २०२२ पासूनच्या शासकीय सेवेत मराठीतूनही बोलता येते.

काकूंना अखेर मराठी जाणणाऱ्या समुपदेशक बाई लाभल्या. पहिल्या भेटीत त्या केवळ आपल्या गोठ्याविषयी बोलल्या. नातवाचे नाव चौथ्या भेटीत आले. पुढे अंथरूण व्हरांड्यातून उंबऱ्याशी, उंबऱ्यापासून माजघरात, असे कित्येक आठवड्यांनी सरकले. हल्ली त्या आत निजतात. दार तेवढे उघडे ठेवावे लागते.